वडिलांनी कोंडलेली मुलगी

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी बर्मिंगहॅममध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. आमच्या स्टेशनात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे शहरातल्या मराठी घरांत कुणाचा पासपोर्ट हरवला किंवा कुणाच्या गाडीची काच फुटली, की पहिला फोन मला यायचा.

त्या दिवशीचा फोन हॉस्पिटलमध्ये नाइट ड्यूटी करणाऱ्या एका नर्सबाईंचा होता. आमच्या गणपतीच्या कार्यक्रमांतून ओळख झालेली. सगळे त्यांना ताई म्हणत. त्या दिवसा घरी झोपायच्या.

"अरे, माझ्या झोपेचं खोबरं झालं म्हणून फोन करत नाहीये," त्या म्हणाल्या. "शेजारी अमेरिकन लोक भाड्याने आलेत. रोज सकाळपासून पुरुषमाणसं आळीपाळीने मोठ्याने काहीतरी वाचतात आणि एक मुलगी रडत असते. आज रडणं ऐकूच आलं नाही."

"मारहाण होते का, ताई?"

"तसा आवाज नाही. पण वरच्या खिडकीला आतून फळी ठोकलीय. वॉर्डात इतकी वर्षं काढली मी. रडणं थांबलं म्हणजे माणूस बरा झाला, असं नसतं."

मी नोंद केली, इन्स्पेक्टरांना सांगितलं आणि एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन त्या घरी गेलो. दार साठीच्या एका गृहस्थांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अत्यंत सभ्य. मागे दोन धिप्पाड माणसं उभी होती.

"माझी मुलगी आजारी आहे. आम्ही तिची काळजी घेतोय," ते म्हणाले.

दारात पोलीस दिसले की माणूस आधी 'काय झालं?' असं विचारतो. यांनी मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. आत येऊन पाहायचं आहे म्हटल्यावर मात्र ते मुकाट्याने बाजूला झाले.

वरच्या खोलीत तेवीस वर्षांची मुलगी पलंगावर बसली होती. शेजारच्या बाथरूमचं दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलेलं होतं.

"तू इथे स्वखुशीने आहेस का?" मी विचारलं.

तिने वडिलांकडे पाहिलं. "हो."

मी महिला कॉन्स्टेबलला तिला खाली किचनमध्ये न्यायला सांगितलं आणि वडिलांपाशी जिन्यावर थांबलो. दहा मिनिटांनी कॉन्स्टेबल बाहेर आली. हलक्या आवाजात म्हणाली, "सर, ती विचारतेय, इथे प्रार्थना केली तर चालेल का? तिने प्रार्थनेसाठी डोळे मिटले की हे लोक तिला गदागदा हलवतात. नऊ दिवस झाले."

मी तिघांनाही अटक केली.

स्टेशनात दोघा धिप्पाड माणसांनी सॉलिसिटरच्या सल्ल्याने तोंड उघडलं नाही. वडील बोलले. मी त्यांच्यासमोर दोन नव्या कॅसेटची वेष्टनं फोडली, जबाब रेकॉर्ड करायच्या मशीनमध्ये त्या घातल्या आणि विचारायला सुरुवात केली. मुलगी शिकायला इंग्लंडला आली होती. इथे ती एका छोट्या धार्मिक पंथात गेली, शिक्षण सोडलं, घरी पत्र लिहिणंही बंद केलं. अशा मुलांना पंथातून 'परत आणणारे' हे दोघे वडिलांनी अमेरिकेतून सोबत आणले होते. भेटायला म्हणून तिला त्या घरी बोलावलं, कोंडलं आणि पंथाविरुद्धचं लिखाण दिवसभर वाचून ऐकवलं.

"तो धर्म नाहीच," ते म्हणाले. "मी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवतो. धर्म काय असतो ते मला कळतं. तुम्ही कोण, हिंदू?"

"हो."

"मग तुम्हाला नाही कळणार. ऑफिसर, माझे पूर्वज हाच देश सोडून अमेरिकेत गेले. का, तर आपल्या पद्धतीने प्रार्थना करता यावी म्हणून."

"त्यांच्या आईवडिलांना ते पटलं होतं का?" मी विचारलं.

ते रडू लागले. "खिडकीची फळी मी स्वतः ठोकली," ते म्हणाले. "तिची आई अंथरुणाला खिळलीय. मुलीला घेऊनच येतो, असं तिला सांगून आलोय."

गुन्हा कबूल झाला होता, पण मुलीने साक्ष द्यायला नकार दिला. "ते माझे वडील आहेत," एवढंच ती म्हणाली. तिच्या साक्षीशिवाय खटला उभा राहणार नाही, असं सरकारी वकिलांनी कळवलं. तिघांना सोडावं लागलं. वडील मुलीशिवायच विमानाने परत गेले.

तिला न्यायला पंथाचा प्रमुख व्हॅन घेऊन स्टेशनात आला होता. हसतमुख माणूस. मी तिला विचारलं, "तुला कुठे जायचंय?" उत्तर त्याने दिलं, "घरी." मी पुन्हा तिलाच विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. ती सज्ञान होती. कायद्याने माझं काम संपलं.

दीड वर्षाने वडिलांचा अमेरिकेहून फोन आला. तिची आई गेली होती. ते पंथाच्या घरी फोन करत होते, पण कुणी तिला बोलावून देत नव्हतं. मी स्वतः तिथे गेलो. प्रमुखाने दारातच सांगितलं, "ती आता इथे राहत नाही. निरोप पोचवू." पत्ता त्याने दिला नाही आणि त्याला तो द्यायला लावण्याचा अधिकार मला नव्हता. मी चौकशी केली, पण तिचा माग लागला नाही. आईची बातमी तिला कळली की नाही, मला आजही माहीत नाही.

त्या घरातून तिला बाहेर काढलं याचा मला पश्चात्ताप नाही. आजही तेच करीन. वडिलांचं प्रेम खरं होतं, पण प्रेमापोटी केलेली कैद ही कैदच. तिची श्रद्धा मला समजली नाही, आणि ती समजून घेणं माझं कामही नव्हतं. सलतं ते वेगळंच. प्रमुख तिला न्यायला आला त्या दिवशी ती कोट घालत असताना मी माझा थेट नंबर एका कागदावर लिहिला, कधी मदत लागली तर असावा म्हणून. तिचा हात बाहीत अडकला होता. प्रमुखाने हात पुढे केला, "द्या, मी ठेवतो." आणि मी तो कागद त्याच्या हातात दिला.

पुढे नव्या कॉन्स्टेबलना शिकवायची वेळ आली, तेव्हा मी त्यांना कलमं शिकवली, नोंदी कशा करायच्या ते शिकवलं. आणि प्रत्येक तुकडीला सांगितलं, माणूस कोट घालत असेल तर थांबा. त्याचा हात बाहेर येईपर्यंत थांबा.