लाल अक्षरांखालचा उंदीर

माझ्या पत्रकाने सहा उंदीर मारले. काठ्या दुसऱ्यांच्या होत्या, एवढंच.

पेठ तालुक्यात धरणाच्या पाण्यात एक डोंगर अर्धा बुडाला आणि वरचं जंगल बेट होऊन राहिलं. तिथे झाडाच्या ढोलीत राहणारा, लांब शेपटीचा तांबूस उंदीर आहे. आसपास दुसरीकडे तो आम्हा प्राणी-अभ्यासकांना कुठेच सापडला नव्हता. धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्याच्यापुढे फक्त ‘माहिती अपुरी’ असं लिहिलेलं. या दोन शब्दांचा मला संताप यायचा. माहिती नाही म्हणून संरक्षण नाही, आणि बेटावर रिसॉर्ट बांधायला माणसं टपून बसलेली.

माझं लहानपण नाशिकला चळवळीतल्या आईवडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर लोळण्यात गेलं. कागद हातात पडला की माणूस बदलतो, हे मला घरातच शिकवलेलं. म्हणून पत्रक काढलं. वर उंदराचं मोठं चित्र, खाली लाल ठळक अक्षरांत ‘हा उंदीर शोधा’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत तो का जपायचा ते. गठ्ठा खताच्या दुकानात ठेवला. तिथे सगळे शेतकरी येतात.

आठ दिवसांनी काठावरच्या गावातल्या एका काकांचा फोन आला. “ताई, तुमचा उंदीर घावला. या लवकर.”

तराफ्यावरून बेटावर उतरले तेव्हा धूर दिसला. भात कापल्यावर बांधातल्या उंदरांच्या बिळांना धुरी द्यायची इथे रीत आहे. तीच झाडाला लावली होती. बुंध्याच्या भोकात ओला पाला धुमसत होता आणि वरच्या ढोलीशी काका आणि त्यांची भावजय काठ्या घेऊन उभे. एक उंदीर बाहेर पडला. काठी बसली. कणा मोडलेला मला ऐकू आला. मागचे पाय लुळे पडले तरी तो पुढच्या पायांनी सरपटत होता. भावजयीने टाचेखाली त्याचं डोकं चिरडलं. दगडावर आधीचे पाच ओळीने मांडले होते. त्यातल्या एका मादीच्या फुटलेल्या पोटातून पिल्लं बाहेर आली होती, बोटाच्या पेराएवढी.

मी काकांची काठी हिसकावली आणि त्यांच्याच खांद्यावर हाणली.

त्यांनी खांदा चोळला. “हाणा अजून. तुम्हीच लिवलंय ना, शोधा म्हणून.”

“मारा म्हणून लिहिलं होतं का मी?”

त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. “खताच्या दुकानातला कागद. उंदराचं चित्र, खाली लाल अक्षर. तिथल्या उंदराच्या औषधाच्या सगळ्या पुड्यांवर हेच असतं. त्या काय उंदराला जेवायला बोलावतात?”

“आम्ही म्हनलं, ताईला उंदरांचा लय तरास दिसतो,” भावजय म्हणाली.

बारीक अक्षरं वाचली नाहीत का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

“त्या पलीकडच्या झाडालाबी धुरी लागलीय,” काका म्हणाले.

मी धावले. पेटलेला पाला हातांनीच उपसला, तळव्यांचं कातडं सोललं. काकांनी डबाभर पाणी आणून भोकात ओतलं. बराच वेळ काही नाही. मग आत नखांची खरखर झाली.

“जित्ता हाय,” भावजय म्हणाली आणि सवयीने काठी उचलली. काकांनी तिचं मनगट धरलं.

मेलेले सहा मी पिशवीत घातले. यादीवाल्यांना पुरावा लागतोच.

परतताना तराफा काका एका हाताने ढकलत होते, मारलेला खांदा सांभाळून. “आता नवा कागद काढू नका, ताई,” ते म्हणाले. “काय सांगायचं ते मला सांगा. मी घरोघर जातो.”