कुंकू लावलेला ठोकळा

चाकणच्या कारखान्यात माझं काम मोजमापाचं. गाडीचे सुटे भाग ज्या गेजांनी तपासतात, ती गेजं बरोबर आहेत का हे मी तपासतो. देवाबद्दलही माझी अट तीच होती, आणि चहाच्या सुट्टीत ती मी उस्तादला कितीदा तरी ऐकवली होती. आज मी मोजलं, उद्या तू मोजलंस, परवा तिसऱ्यानं दुसऱ्या मशीनवर मोजलं आणि आकडा तोच आला, तर ती गोष्ट आहे. नाहीतर नाही.

उस्ताद टूलरूममधला. चाकणच्याच जुन्या मुसलमान घरातला, पाच वेळची नमाज चुकवायचा नाही आणि वाद घालायची संधीही नाही.

"तुमचं गेज बरोबर हाय, हे कोन सांगतं?" तो विचारायचा.

"आमच्याकडचा मास्टर, नमुन्याचा ठोकळा."

"आन् मास्टरचं?"

"बाहेरची लॅब. तिचा मास्टर दिल्लीला तपासतात. शेवटी सगळं प्रकाशाच्या वेगावर येतं."

"आन् प्रकाशाचा येग कुनी मोजून दिला?"

"पूर्वी मोजायचे. आता तो आकडा ठरवून घेतलाय."

"म्हंजे मानलाय," उस्ताद बशीत चहा ओतत म्हणायचा. "मंग आमीबी येकच मानलाय, राव. तुमी येवढं का तापता?"

टेबलावरचे हसायचे, भोंगा व्हायचा, आम्ही उठायचो.

गेल्या खंडेनवमीला नेहमीसारखी मशीनं धुऊनपुसून हार घातले. पूजा दुपारी झाली, नारळ फुटले, पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. सुट्टीनंतर मी स्टँडर्ड रूम उघडली. ही आमची काचेची बंद खोली. कायम वीस अंश तापमान, आत जाताना बूट बाहेर. इथे लाकडी पेटीत आमचे मास्टर असतात, स्लिप गेज म्हणतात त्यांना. पोलादाचे चकचकीत ठोकळे, प्रत्येकाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक हिशेबानं माहीत असलेली. पेटी उघडली, तर सगळ्यात मोठ्या ठोकळ्यावर हळदीकुंकवाचं बोट. तेही बाजूला नाही, आरशासारख्या घासलेल्या तोंडावर, जिथे आम्ही हातमोज्याशिवाय बोटही लावत नाही. कुंकू ओलं लावलेलं, आणि पोलादाला गंजायला ओल पुरते.

खोलीत माझ्या हाताखाली एक ताई नव्यानं आली होती, कंत्राटावर. तिनं लगेच सांगून टाकलं.

"मीच लावलं, सर. बाहेर समद्या मशीनला लावलं, ह्ये पेटीत बिचारे तसेच राहिले व्हते. समद्यात थोरल्याला लावलं, म्हंजे समद्याला पोचलं."

"पण तोंडावर का?"

"मग कुंकू कुठं लावत्यात?"

मी हातमोजे चढवून ठोकळा उचलला.

तिला कायम करण्याची शिफारस त्याच आठवड्यात जायची होती. त्या भरवशावर तिनं थेरगावात खोली घेऊन बीडहून सासू आणि दोन मुली आणल्या होत्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, मास्टर खराब झाला असेल तर तिचं नाव काढा.

मी ठोकळा सॉल्व्हंटनं धुतला, सांबराच्या कातड्यानं पुसला. फिकट सावलीसारखा डाग राहिला. सपाट काच ठेवून दिव्याखाली पाहिलं. रंगीत पट्टे दिसले, सरळ, डागावरूनही सरळ गेलेले, म्हणजे तिथे खड्डा नव्हता. मग बाद झालेल्या पेटीतला एक जुना ठोकळा घेतला, त्यावर हा आडवा ठेवला, हलका दाब देत सरकवला आणि फिरवला. सुरुवातीला तो साबणावरून गेल्यासारखा जातो, मग एका क्षणी जड होतो. मी वरचा ठोकळा उचलला. खालचा त्याच्याबरोबर वर आला.

उस्ताद काही कामानं आला होता. तो बूट काढून आत काचेशी थांबला. ताईनं हे कधी पाहिलं नव्हतं. लोंबणाऱ्या ठोकळ्याखाली तिनं तळहात धरला, पडेल म्हणून. पडला नाही.

"चिकटवलं कशानं?"

"कशानंच नाही."

"चुंबक हाय का?"

"नाही."

"मग धरलंय कुणी?"

मी सांगायला लागलो. तेलाचा न दिसणारा थर, दोन पृष्ठभागांच्या अणूंची एकमेकांना ओढ. सांगता सांगता माझा आवाज खाली आला. पुस्तकात ही कारणं आहेत, पण त्यातलं कुठलं किती, यावर माझ्या वाचनात तरी एकमत नाही. इतकी वर्षं मी हे रोज करत होतो, लोखंड लोखंडाला धरून ठेवतं हे रोज पाहत होतो, आणि पुढचा ठोकळा उचलत होतो. माझ्या हातावर काटा आला. वीस अंशाचा नव्हता तो.

"झालं की," उस्ताद म्हणाला. "लिवा, चांगलाय."

"चिकटला म्हणजे तोंड सपाट आहे. लांबी बदलली नाही, हे कुठं सिद्ध झालं? लॅबला पाठवायला हवा."

"अल्लानं सोता येऊन सांगितलं, तरी तुमी म्हनाल दुसऱ्या मशीनवर दावा."

"हो, म्हणेन."

साहेबांना थांबायचं नव्हतं. ते स्टँडर्ड रूमच्या दारात आले. "चांगला असल्याचा पुरावा आहे तुमच्याकडे? नाही ना? मग खराब धरा."

"नाही धरता येणार," मी म्हणालो. "चांगला असल्याचा पुरावा नाही म्हणजे खराब असल्याचा पुरावा आहे, असं होत नाही. माहीत नाही, एवढंच आज म्हणता येतं. माहीत नाही यावर कुणाचं नाव काढू नका."

साहेबांनी शिफारशीची तारीख पुढे ढकलली आणि लॅबचं उत्तर येईपर्यंत थांबायला तयार झाले. ते गेल्यावर उस्ताद माझ्याकडे वळला.

"ह्ये चहाच्या टेबलावर कदी बोलला न्हाई, राव."

मी पेटी बंद करत होतो. चिमटा बसला होता, आणि तो बरोबर बसला होता. इतकी वर्षं मी देवाचा पुरावा नाही असं म्हणायचो आणि तिथेच देव नाही असा निकाल देऊन मोकळा व्हायचो. त्या दिवसापासून कुणी विचारलं तर मला माहीत नाही असं म्हणतो. घरी बायकोला हा बदल कळवला, तर ती म्हणाली, माहीत नसेल तर निदान समई तरी लावत जा. अजून लावलेली नाही.

ठोकळा लॅबमधून परत आला. लांबी मर्यादेत होती. ताईचं म्हणणं, देवानं राखलं. माझं म्हणणं, कुंकू वेळेत पुसलं गेलं. दोघांपैकी कुणी दुसऱ्याचं खोडलं नाही.

कायम झाल्याचं कळलं त्या सकाळी ती पेढे घेऊन आली. पेढे मी खोलीबाहेर ठेवायला लावले. मग तिनं हातमोजे घातले आणि बाद पेटीतले दोन ठोकळे मागितले. पहिल्यांदा सुटले. पुन्हा सुटले. "दाबू नका," मी म्हणालो, "नुसतं सरकवा." तिनं श्वास रोखून सरकवलं, फिरवलं, आणि तिच्या मनगटाला तो जडपणा जाणवलेला मला दिसला. तिनं सावकाश वरचा उचलला. खालचा आला.

ती जोडी तिनं उजेडात धरली. असे जोडलेले ठोकळे फार वेळ ठेवू नयेत, सोडवायला जड जातात, हे तिला सांगायला हवं होतं. मी थांबलो.