सोमवारी सोडायची गाठ

दोरी कुणी सदऱ्यासारखी अंगात घालतं का? पेंगळ्या घालायचा. रोज सकाळी कामावर पोचला की दोन्ही हात वर करायचा, दोरीचं कडं डोक्यावरून खाली ओढायचा, काखेत नीट बसवायचा आणि नवा कोट चढवल्यासारखी छाती थोपटायचा. संध्याकाळी तशीच वरून काढायची. मधली गाठ त्यानं तीन महिन्यांत एकदाही सोडली नव्हती.

पेंगळ्या उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचा. गच्चीवरून सोडलेल्या फळीवर बसायचं, पाय हवेत, बाजूला रंगाची बादली. फळीनं दगा दिलाच तर म्हणून छातीभोवती ही वेगळी दोरी, दुसरं टोक गच्चीवरच्या खांबाला. म्हणजे गडी खाली पोचणार की घरी, हे ठरवायचं काम त्या एका गाठीकडे.

पेंगळ्या हे नाव शाळेतलं. भूगोलाच्या तासाला त्याचं डोकं हळूहळू वहीवर यायचं, आणि बाई बाकाजवळ आल्या की शेजारचा दोस्त त्याच्या मांडीला असा काही चिमटा काढायचा की हा ताडकन उभा राहून न विचारलेलं उत्तर द्यायचा. एकदा तो "ज्वालामुखी!" म्हणून ओरडला. बाईंनी विचारलं होतं, खिडकी कुणी उघडी ठेवली. त्या दिवसापासून दोस्ताचं नाव चिमट्या. पुढे दोघांची लग्नं झाली, केस पिकले, तरी बायकासुद्धा त्यांना याच नावांनी ओळखायच्या.

गाठ मारायला शिकवली ती कवायतीच्या सरांनी. सर म्हणायचे, "आपली गाठ आपण मारायची नाही. माणूस स्वतःला फार लवकर शाबासकी देतो. गाठ दुसऱ्यानं मारायची, आणि मारणाऱ्यानंच दोन हिसके द्यायचे. एक गाठीला, एक तुमच्या आळसाला." बाकीची पोरं हसली आणि विसरली. हे दोघं हसले, पण विसरले नाहीत. तीस वर्षं चिमट्यानं पेंगळ्याची गाठ मारली, पेंगळ्यानं चिमट्याची. दोन हिसके झाल्याशिवाय कठड्यावरून पाय पलीकडे टाकायचा नाही. आणि वर, शेजारशेजारच्या फळ्यांवर बसल्यावर, पेंगळ्याचे डोळे उन्हानं मिटायला लागले की चिमट्या ब्रशाच्या दांड्यानं ढोसायचा. "ए ज्वालामुखी! अकरावा मजला आहे हा, बाक नाही!"

मग तो शनिवार आला. दुपारी चिमट्या छाती चोळत म्हणाला, "काहीतरी जळजळतंय रे. मी निघतो."

"आणि माझी गाठ कोण सोडणार? तुझा सासरा?"

"ढील देऊन काढ डोक्यावरून. सोमवारी सोडतो."

पेंगळ्या त्या दिवशी वळवळत, शिव्या घालत, कान सोलून घेत त्या कड्यातून बाहेर आला. आणि ज्यानं अर्धं आयुष्य हवेत काढलं तो चिमट्या रविवारी सकाळी जमिनीपासून दीड फुटावर, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. चहा अर्धा उरला होता. शेजाऱ्यांपैकी एकानं हळूच तो कप उचलून मोरीत ठेवला, तेव्हा पेंगळ्या त्याच्यावर एवढा खेकसला की रडणाऱ्या बायकाही क्षणभर गप्प झाल्या.

सोमवारी गाठ सोडायला कुणी आलं नाही. पेंगळ्यानं ती तशीच डोक्यावरून अंगात घातली.

लोकांना आधी गंमत वाटली. मग गंमत आटली, कारण एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. पहिल्या दिवशी कान सोलणारं ते कडं आता अलगद उतरायचं. दोरी काही वाढत नव्हती, माणूस आटत होता. मुकादमानं नवी दोरी आणून गच्चीच्या दाराशी ठेवली, प्लास्टिकच्या पिशवीत, चकचकीत.

"घे की, पेंगळ्या."

"उद्या घेतो."

"हे उद्या तू गेल्या महिन्यात पण म्हणालास."

"मग शब्दाला पक्का आहे की नाही मी?"

मुकादम हसला. पेंगळ्याच्या तोंडी कुणी लागायचं नाही, हे त्याला माहीत होतं. पिशवीवर धूळ बसत गेली.

पूर्वी दोरी कामावरच राहायची. आता तो ती घरी आणून पलंगाजवळच्या खिळ्याला अडकवायचा. बायको म्हणाली, "माझ्या उशाशी सवत टांगलीत होय?" तो हसला नाही. तिनं विषय सोडला, पण झाडू काही सोडला नाही. आणि रोज सकाळी केर काढताना खिळ्याखाली तिला चिमूटभर तंतू सापडायला लागले. केसासारखे, करडे. पहिल्यांदा तिनं ते केरात टाकले. दुसऱ्या आठवड्यात बघितलं तर जास्त होते. मग ती ते एका रिकाम्या डबीत भरायला लागली. गाठीच्या अगदी शेजारी, जिथं रंगानं दोरी कडक होऊन रोज त्याच जागी मुडपायची, तिथून ते गळत होते. ती रोज डबी हलवून बघायची. आवाज यायचा नाही, पण डबी भरत होती.

एके दिवशी तो जेवायला बसला आणि तिनं त्याच्या ताटात डबी उपडी केली.

"हे काय?"

"तुमची दोरी. वाढू आणखी?"

"काही होत नाही. तीन पदरांची आहे."

"काल तीन असतील. आज मोजलेत?"

"त्यानं मारलेली गाठ आहे ती," पेंगळ्या म्हणाला. "शेवटची. ती सोडली की संपलं."

"त्यानं गाठ मारली तुम्ही पडू नये म्हणून." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "चिमट्याभावजी बघत असते तर आत्ता कुठं चिमटा काढला असता, सांगू?"

तो ताटावरून उठला. सकाळी दोरी घेऊन गेला. ती गॅलरीत उभी राहिली, पण त्यानं मागं वळून बघितलं नाही.

त्या दिवशी नवव्या मजल्याच्या छज्ज्याची खालची बाजू रंगवायची होती. म्हणजे फळीवरून बाहेर झुकायचं, सगळा भार छातीच्या दोरीवर टाकायचा आणि हात वर करून ब्रश मारायचा. वारा पडला होता. बादलीतला रंगसुद्धा हलत नव्हता. शेजारची फळी रिकामीच होती, मुकादमानं ती काढली नव्हती आणि पेंगळ्यानं काढू दिली नव्हती. ऊन मानेवर बसलं. डोळे जड झाले. ढोसायला कुणी नव्हतं.

टप्.

आवाज बारीकच, शर्टाचं बटण तुटावं तेवढा. आणि बरगडीशी सुईसारखं काहीतरी कचकन लागलं. तुटलेला पदर उलटा उसळून अंगावर बसला होता. पेंगळ्याचे डोळे टक्क उघडले. छातीभोवतीचं कडं हळूच, झोपेत कुणी कूस बदलावी तसं, बोटभर सैल झालं. त्यानं ब्रश सोडला. तो खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

दोन्ही हातांनी फळीचे दोर धरून, इंचाइंचानं तो आत सरकला. "वर घ्या," एवढंच म्हणाला.

गच्चीवर मुकादमानं दोरी बघितली आणि खिशातला चाकू काढला. एकच पदर उरला होता, तोही पिंजारलेला.

"कापायची नाही," पेंगळ्या म्हणाला.

"वेडा झालास का?"

"सोडायची आहे."

जेवणाची सगळी सुट्टी तो दाभण घेऊन त्या गाठीशी बसला. रंगाची खपली निघाली, नख फाटलं, मग एक वेटोळं ढिलं झालं, मग दुसरं. आतली दोरी पांढरीस्वच्छ होती, त्या शनिवारी होती तशी. तिच्यावर एक पिवळा ठसा होता, अंगठ्याचा. पेंगळ्या त्याच्याकडे बघत बसला. दोरी मग त्यानं गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि दाराशी पडलेली पिशवी फाडली.

"मुकादम, गाठ मारा."

"तूच मार की. तीस वर्षं मारतोयस."

"स्वतःला नाही मारली कधी."

मुकादमानं नव्या दोरीची गाठ मारली, एक हिसका दिला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत टाकीकडे गेला. पेंगळ्या कठड्याशी उभा राहिला. पाय पलीकडे टाकला नाही.

"अरे जा ना! उन्हं उतरतील!"

"एक राहिला."

"काय राहिला?"

"हिसका."

मुकादम कपाळाला हात लावत आला. चिडून, जोर लावून त्यानं दोरी ओढली. नवीकोरी गुळगुळीत गाठ हातभर सरकली आणि उघडली.

मुकादमाच्या हातातला फोन "हॅलो, हॅलो" करत राहिला.

"पुन्हा मारा," पेंगळ्या म्हणाला, आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला.