आगगाडीच्या रांगेतली पिशवी

"पैसे भरून पुढं गेलेला मानूस मागं वळून बघत न्हाई," असं सावळा एकदा म्हणाला होता. त्यात तक्रार नव्हती. विहिरीला किती पाणी आहे हे सांगावं, तसं त्यानं सांगितलं.

सावळा औंढ्याच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतला. वाडीखालच्या माळावर खेळ-पाळण्यांचं पार्क झालं तेव्हा त्यानं चाळिशी ओलांडली होती. तोवर त्यानं लोकांची भातं लावली होती, वलवणच्या बंगल्यांची गवतं कापली होती. पार्कात तो ठेकेदारामार्फत लागला आणि नऊ वर्षं एकाच जागी उभा राहिला, छोट्या आगगाडीच्या रांगेच्या तोंडाशी. ही गाडी टेकडीला वळसा घालते, सिमेंटच्या बोगद्यातून जाते आणि अकरा मिनिटांत परत येते. म्हाताऱ्यांना बसता येईल असा पार्कातला तेवढा एकच खेळ.

रांगा दोन आहेत. एक सगळ्यांची, पत्र्याच्या शेडखाली सात वळणं घेणारी. दुसरी पासवाल्यांची, सरळ. तिकिटाइतकेच पैसे आणखी मोजले की मनगटाला पिवळा पट्टा बांधतात आणि सरळ रांगेतून सोडतात. माणसं आत येतात, सात वळणं बघतात, पासच्या खिडकीवरचा दर वाचतात आणि मग दाराशी उभ्या असलेल्या निळ्या शर्टाला विचारतात, मामा, पास घ्यावा का?

याचं उत्तर त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं. घ्या म्हणायचं. पण सावळा आधी आभाळ बघायचा, मग वळणं मोजायचा, मग विचारणाऱ्याच्या पायातल्या चपला बघायचा. पावसाळ्यातल्या मंगळवारी तो सांगायचा, आज रांगच न्हाई, कशाला पैसे घालवता. रविवारी बारानंतर सांगायचा की आता पासवालेच इतके झालेत की दोन्हीकडं सारखंच उभं राहावं लागेल. लांबून आलेल्या, परतीची गाडी धरायची असलेल्यांना मात्र तो खुशाल घ्या म्हणायचा. खिडकीतला लखन त्याला चिडवायचा.

"सावळाभाऊ, तुमी कंपनीचे का पब्लिकचे?"

"मी रांगेचा," सावळा म्हणायचा.

रांग त्याला वाडीनं शिकवली होती. चैत्र-वैशाखात वाडीवर टँकर येतो, कधी येईल ते ठाऊक नसतं. म्हणून बाया पहाटे हंडे मांडतात आणि कामाला निघून जातात. हंडा उभा आहे म्हणजे बाई उभी आहे. दुसऱ्याच्या हंड्याला कुणी हात लावत नाही. रांग सरकली की मागचीनं पुढचीचा हंडा पायानं सरकवायचा, एवढंच. भांडणं होतात ती पाण्यावरून, नंबरावरून कधी नाही. सावळानं हीच रीत पार्कात आणली. म्हातारं माणूस बरोबर असलं की तो म्हणायचा, पास नको, पिशवी ठेवा रांगेत, आबांना झाडाखाली बसवा, पिशवी मी सरकवतो. नऊ वर्षं ते चाललं. पिशवी म्हणजे माणूस, हे बाकीच्यांनाही समजतं, असं तो धरून चालला.

मे महिन्यातल्या एका रविवारी परंदवडीचा गोरख आला. गोरख सोमाटण्याजवळच्या कारखान्यात आहे. बरोबर बायको शुभदा, सहा वर्षांची मुलगी आणि वडील. वडील रेल्वेत गँगमन होते, तीस वर्षं त्यांनी घाटातला रूळ राखला होता. नातीला ते सकाळपासून सांगत होते की सगळे बोगदे मी चालत पार केलेत, गाडीत बसून एकदाही बघितले नाहीत. गोरखनं पासचा दर वाचला. चौघांचे मिळून फार होत होते, पण वडिलांसाठी घ्यावा असं त्याला वाटत होतं. त्यानं सावळाला विचारलं. सावळानं म्हाताऱ्याकडं बघितलं. सडसडीत अंग, ताठ मान. नका घेऊ, तो म्हणाला. पिशवी ठेवा.

त्यांनी हिरवी कापडी पिशवी ठेवली आणि ते करंजाखाली जाऊन बसले. सावळानं ती तीन वळणं पायानं सरकवली. मग वायरलेसवर आदिनाथचा निरोप आला. आदिनाथ पार्कचा व्यवस्थापक. मोठ्या पाळण्यापाशी पासवाल्यांची गर्दी झाली होती आणि तिथं माणूस हवा होता. सावळाच्या जागी सारिका आली, आठवड्यापूर्वी लागलेली. सावळानं तिला वळणं दाखवली, दोरी कुठं अडकवायची ते दाखवलं. पिशवीचं सांगितलं नाही. वाडीत नव्यानं आलेल्या सुनेलाही हंड्याचं कुणी सांगत नाही.

सारिकेला शिकवलेलं होतं की बेवारस सामान दिसलं की उचलायचं. तिनं उचललं.

गोरख वडिलांना घेऊन आला तेव्हा पिशवी कचऱ्याच्या डब्याशेजारी होती आणि तिच्या जागी दुसरी माणसं होती. त्यांनी आत घेतलं नाही. कुणीतरी म्हणालं, उभं राहायचं नव्हतं तर पास घ्यायचा. गोरख तेव्हाच खिडकीकडं निघाला होता. वडिलांनी त्याचा दंड धरला आणि आता त्या बोलण्यावर पैसे भरायचे नाहीत, आपण उभे राहू, असं म्हटलं. ते पहिल्या वळणापासून उभे राहिले. वर पत्रा तापलेला. पाचव्या वळणावर वडिलांनी नातीचा हात सोडून कठडा धरला, मग खाली बसले, मग आडवे झाले. लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलेले होते.

परंदवडीला म्हाताऱ्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सावळा गेला. मांडवाच्या बाहेरच्या कडेला उभा राहिला. कुणी ओळखलं नाही. वंदना संपल्यावर जेवण न घेता निघाला.

त्याच महिन्यात पार्कनं ठेकेदाराच्या माणसांतल्या सहा जणांना कायम करायची यादी काढली. यादीत सावळा होता. कायम झाला की त्याच्या बायकोच्या, निर्मलाच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन विम्यातून होणार होतं. निर्मला दोन वर्षं घरात बसल्या बसल्या सरकत होती. चुलीपासून दारापर्यंत तिची रोजची वाट जमिनीवर उमटली होती. नाव आलंय हे कळल्यावर तिनं एवढंच विचारलं होतं की मग मला पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाता येईल का.

आदिनाथनं सावळाला ऑफिसात बोलावलं तेव्हा गोरख तिथं आधीच बसलेला होता. त्यानं लेखी अर्ज दिला होता, पिशवी का उचलली एवढंच विचारणारा. आदिनाथनं एक टाइप केलेला कागद मोठ्यानं वाचला. कर्मचाऱ्यानं वृद्ध व्यक्तीसाठी पास घेण्याचा सल्ला दिला होता, कुटुंबानं तो मानला नाही, असं त्यात होतं. वाचताना तो गोरखकडं बघत नव्हता.

"बरोबर आहे ना सावळा? खाली सही कर."

सावळानं पेन हातात घेतलं.

"न्हाई साहेब. म्या नका घेऊ म्हनलो. पिशवी ठिवा म्हनलो."

आदिनाथ हळू आवाजात बोलला. तुझ्या घरचं मला माहीत आहे, म्हणून पुन्हा विचारतो, असं म्हणाला. सावळानं तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, आणि पेन कागदावर ठेवलं. आदिनाथनं कागद ओढून घेतला. मग यादीचं मला काही करता येणार नाही, तो म्हणाला. सावळानं मान हलवली. हे त्याला कळलेलं होतं.

गोरखनं खुर्ची सावळाकडं वळवली. तो रडलेला नव्हता, चिडलेलाही नव्हता.

"मामा, मला भांडायचं न्हाई. तुमी खरं बोललात. आता आणखी एक खरं सांगा," तो म्हणाला. "पास घेतला असता तर आबा असते का?"

नऊ वर्षं रोज शंभर माणसांनी सावळाला पासबद्दल विचारलं होतं आणि रोज त्याच्याकडं उत्तर होतं. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं, आभाळ बघितलं. मग त्याची नजर गोरखच्या पायांकडं गेली आणि तिथंच राहिली. गोरख वाट बघत होता.

सावळानं खुर्ची मागं सारली, उठला आणि बाहेर गेला.