ड्रेसरकाकांनी कापलेला कान

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर येत आणि बदलून जात. ड्रेसरकाका मात्र एकतीस वर्षं तिथेच होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, टाके पडेपर्यंत जनावर धरून ठेवणं हे त्यांचं काम. अंगानं किरकोळ, पण हाताला असं वळण की फिस्कारणारं मांजरही त्यांच्या काखेत आलं की गपगार. "डिग्री माझी, हात काकांचा," असं डॉक्टरबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या. काका तिथे लाजायचे आणि घरी जाऊन बायकोला तीनदा सांगायचे.

त्यांना एकच मुलगी. जावई गाड्यांच्या शोरूममध्ये होता. शोरूमला टाळं लागलं, सहा महिने घरी बसून काढले आणि त्याच्या डोक्यात पिटबुल कुत्री वाढवून विकण्याचं खूळ शिरलं. घरामागे पत्र्याची शेड, त्यात चार पिंजरे आणि एक तपकिरी मादी. तिला तो 'मशीन' म्हणायचा. एक वेत संपतं न संपतं तोच ती पुन्हा गाभण. पुढे तर तिच्याच पोटचा नर ठेवून घेऊन त्यानं तिच्यावर सोडला. "मामा, रक्त शुद्ध राहतं," असं तो सासऱ्यालाच समजावून सांगायचा. काकांच्या जिवाला ते खायचं. पण जावयाला तोंडावर बोलायचं म्हणजे पोरीच्या संसारात पाय घालायचा. ते गिळून गप्प बसले.

एका रविवारी जावई म्हणाला, "मामा, या पिल्लांचे कान तेवढे कापून द्या. टोकदार कान असले की कुत्रं खुनशी दिसतं. गिऱ्हाइकाला तेच हवं असतं."

"अजून आईला पितायत ती. आणि डॉक्टर नसताना मी हत्याराला हात लावत नसतो."

"राहू द्या मग. घरात कात्री आहे, माझं मी बघतो."

मुलगी दारात उभी होती. तिनं वडिलांकडे पाहिलं. काका दवाखान्यात जाऊन भुलीची बाटली पिशवीत घालून घेऊन आले. जावयाच्या कात्रीपेक्षा आपला हात बरा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सहा पिल्लं निभावली. सातव्यानं, छातीवर पांढरा ठिपका असलेल्यानं, भूल कमी पडून ऐन वेळी हिसका दिला आणि त्याचा डावा कान मध्येच तिरका कापला गेला. पलीकडच्या पिंजऱ्यात त्यांची आई जाळीवर नाक घासत होती, घासून घासून रक्त येईपर्यंत.

आठवड्याभरात सातही पिल्लं विकली गेली.

दोन वर्षांनी पेपरात पहिल्याच पानावर बातमी आली. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेल्या एका म्हातारीचा हात तिच्याच घरच्या पिटबुलनं फोडून काढला होता. जो तो म्हणू लागला, ही जातच राक्षसाची. एका शाळामास्तरीणबाईंची नऊ वर्षांची पिटबुल होती, अर्धे दात पडलेली, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. त्या कुत्रीला लोकांनी फाटकातच दगडांनी ठेचून मारलं.

म्हातारीला चावलेलं कुत्रं पिंजऱ्यातून दवाखान्यात आलं. ते भुंकत नव्हतं. काकांनी वाकून पाहिलं. छातीवर पांढरा ठिपका. डावा कान तिरका.

डॉक्टरबाईंनी दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवली. ताटली ठेवणाऱ्या हातावर ते धावून जायचं आणि लगेच कोपऱ्यात जाऊन थरथरत मुतायचं. "काका, याला कुणाच्याच घरी पाठवता येणार नाही, कायमचं झोपवावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या कुणाला धरायला सांगू का?"

"नको. मीच धरतो."

गुंगीचं इंजेक्शन चढलं तसं कुत्र्यानं डोकं काकांच्या कोपराच्या खोबणीत टेकवलं. दुसरी सुई गेली, तरी काकांनी बराच वेळ हात काढला नाही. मग म्हणाले, "बाई, हा कान मी कापलाय. औषध इथलंच नेलं होतं."

डॉक्टरबाईंनी हातमोजे उतरवले. "काका, तुमच्या नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. मी हे ऐकलंच नाही असं समजू?"

"नाही. ऐकलंत ना, मग लिहा."

काकांची नोकरी गेली. जावयाच्या शेडवर छापा पडला आणि मुलीनं फोन उचलणं सोडलं. बायको म्हणाली, "खरं बोललात ते बरंच केलंत. पण माझी पोर तुटली हो," आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

काका म्हातारीला भेटायला गेले. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. काकांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझा लेक त्याला दिवसभर साखळीला बांधायचा. मित्र जमले की काठीनं डिवचायचे, चिडला की टाळ्या. मी भाकर टाकायचे ना, म्हणून वाटलं मला ओळखेल." मग तिनं विचारलं, "जाताना त्याला दुखलं का हो?"

"नाही, आजी."

छाप्यात पकडलेल्या त्या तपकिरी मादीला कुणी घेईना. काकांनी तिला घरी आणलं आणि 'बाई' म्हणून हाक मारायला सुरुवात केली. ती सहा वर्षांची होती, दिसायची बारा वर्षांची. पोट जमिनीला लोंबत असे. रस्त्यानं तोंडाला जाळी बांधून नेलं तरी लोक लेकरं उचलून पलीकडे जायचे, आणि बाई स्कूटरचा आवाज आला तरी काकांच्या पायांत शिरायची. घरात ती मोजे गोळा करून अंथरुणावर नेई, एकेक चाटी आणि त्यांच्याभोवती अंगाचं वेटोळं करून पडे. मोजे मागायचे नाहीत, असं काकांनी बायकोला बजावलं होतं. अकरा महिन्यांनी स्तनातल्या गाठीनं ती गेली.

त्यानंतर पंधरवड्यानं मुलीचा फोन आला. आवाज दबका होता.

"बाबा, यांनी पुन्हा दोन आणल्यात."

"तुझं काय म्हणणं आहे?" काकांनी विचारलं.

पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. मग, "तुम्ही या. डॉक्टरबाईंना घेऊनच या."

दुपारी दोघं गेले. जावई ओट्यावर बसला होता. त्यानं सासऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेडची कडी मुलीनंच काढली. आत दोन कोवळ्या माद्या होत्या. काका उकिडवे बसले, जवळच्या मादीच्या पोटाखालून त्यांनी हात फिरवला आणि डॉक्टरबाईंकडे बघून मान हलवली. तिच्या पोटात पिल्लं होती.