खालूंचे सोळाशे

आमच्या खालूंनी आजवर जेवढ्या माणसांना पोटभर जेवू घातलंय, तेवढी मतं आमच्या परंडा तालुक्यात निवडून येणाऱ्यालासुद्धा पडत नसतील. खालू म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धंदा भटाऱ्याचा, म्हणजे लग्नाकार्यात चुलीवर मोठाल्या डेगी चढवायचा. पोरीचा बाप पाहुण्यांचा आकडा सांगायचा, खालू क्षणभर डोळे मिटायचे आणि तांदूळ, मटण, तेल, मीठ सगळं तोंडी सांगून मोकळे व्हायचे. चाळीस वर्षांत त्यांनी तराजूला हात लावला नाही, आणि चाळीस वर्षांत एकाही पंगतीला भात कमी पडला नाही. स्वतःच्या अंगाला मात्र हा अंदाज त्यांनी कधी लावला नव्हता. टेंपोत सामान चढवताना ड्रायव्हर आधी विचारायचा, "चाचा, तुमी कुठल्या अंगाला बसणार?" मग डेगी दुसऱ्या अंगाला लावायचा. खालूंना यात काही वावगं वाटायचं नाही. किडकिडीत भटाऱ्याच्या हातचं खायला कोण धजेल, असा त्यांचा उलट सवाल असायचा.

गुडघ्यांना मात्र हे पटलं नाही. साठी उलटली आणि खालूंना नमाजात खाली बसता येईना. मशिदीत मागच्या भिंतीशी त्यांच्यासाठी खुर्ची आली. सगळे कपाळ जमिनीला टेकवून सजदा करायचे, तेव्हा खालू खुर्चीवर नुसते पुढे वाकायचे. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना अख्खी गल्ली भाईजान म्हणायची, पहिल्या रांगेत उभे राहत. लहानपणी वडिलांनी दोघांना तिथं शेजारी उभं केलं होतं आणि पन्नास वर्षं ते खांद्याला खांदा लावून तिथंच होते. आता खालूंच्या जागी कुणीही उभं राहू लागलं. भाईजान मागे खुर्चीपाशी यायला निघाले, तर खालूंनीच त्यांना हट्टानं पुढे धाडलं. घरी येताना मला म्हणाले, "मास्तर, कुर्सीवरनं जमीन लई लांब दिसती रं. भाईजानच्या बाजूला पुन्हा एकदा सजदा करायचा हाय. त्यांना बी आता लई दम लागतो." मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो, म्हणून मी मास्तर.

मी त्यांना धाराशिवला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा. मग तिथल्या आहाराच्या बाईंनी हिशोब मांडून सांगितलं, रोज सोळाशे कॅलरी आणि आठवड्याला अर्धा किलो. वीस किलो उतरवायचे म्हणजे चाळीस आठवडे, हे कळल्यावर खालू उभेच राहिले. "बाई, तेवढ्यात म्या अख्ख्या तालुक्याची लग्नं उरकतो!" बाई हसल्या नाहीत. सकाळी काय खाता, किती खाता, असं विचारू लागल्या. खालू ओशाळले. "पाचशे माणसांचं इचारा, बिनचूक सांगतो. एका माणसाचं मला येत न्हाय."

आणि ते खरंच येत नव्हतं. कुठलाही पदार्थ त्यांना डेगीतूनच दिसायचा. मधल्या सुट्टीत माझा फोन वाजायचा, "मास्तर, शंभर माणसांच्या दालच्याला एवढी डाळ, एवढा भोपळा, एवढं तेल. सगळ्याच्या कॅलऱ्या काढ आन् शंभरानं भाग." एका वाटीसाठी मी फळ्यावर भागाकार करायचो आणि चौथीची पोरं तो गृहपाठ समजून वहीत उतरवून घ्यायची. शेवटी मावशीनं छोटा वजनकाटा आणला. खालू प्रत्येक भाकरी त्यावर ठेवून बघू लागले आणि दोन भाकऱ्या एका वजनाच्या का नाहीत म्हणून कुरकुरू लागले. मावशीनं परात त्यांच्यापुढं सरकवली. "इतकी वर्सं गुमान खाल्लं, आता तोलून घेताय व्हय? मग तुमीच थापा." खालूंनी थापल्या, आणि सगळ्या एका वजनाच्या थापल्या. त्या दिवसापासून भाकरीचं काम कायमचं त्यांच्या गळ्यात पडलं. गल्लीत कुणाचं पोरगं पास झालं की खालू पेढा अर्धा मोडून परत द्यायचे आणि डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "पेढा अर्धा, दुआ पुरी."

त्या थंडीत भाईजानना श्वासाच्या त्रासानं आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. खालूंचा धीर सुटला. कुणाला न सांगता त्यांनी सोळाशेचे सहाशे केले. चौथ्या दिवशी सोनारी गावच्या एका लग्नात चुलीपुढं उभे असताना त्यांच्या डोळ्यांपुढं अंधार आला आणि ते तांदळाच्या पोत्यांवर कोसळले. पोती होती म्हणून बचावले. बाईंनी पुढच्या फेरीला त्यांना शाळेतल्या पोरासारखं उभं केलं. "सोळाशे म्हणजे सोळाशे. जास्त नाही आणि कमीही नाही. अंगातली ताकद गेली तर गुडघा कशाच्या जोरावर वाकणार? उपाशी राहून उतरलेलं वजन मला नको." खालूंनी हेही तितकंच मनावर घेतलं. दिवस मावळला की पडेल चेहऱ्यानं आमच्या अंगणात यायचे. "अजून दोनशे ऱ्हायलेत." मग एक केळ आणि मूठभर शेंगदाणे काढा प्यायल्यासारखे संपवायचे. या माणसाला नाइलाजानं खाताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

एवढं करूनही एका टप्प्यावर काटा अडला तो अडलाच. लग्नसराई सुरू झाली आणि वजन ग्रॅमभर हलेना. बाई बुचकळ्यात पडल्या, खालूंनी काट्यावर संशय घेतला. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर एका वलीम्याला, म्हणजे निकाहनंतरच्या जेवणाला, गेलो आणि दिवसभर चुलीजवळ बसून राहिलो. सकाळी खालूंनी यखनीचं, म्हणजे मटणाच्या उकळीचं, मीठ चाखलं. मग मसाला, मग दालचा, मग भाताला दम द्यायच्या आधीचं पाणी. गोडाचं तर दोनदा, एकदा गरम आणि एकदा निवल्यावर. दुपारपर्यंत मी चाळीस चमचे मोजले, आणि खालूंचा चमचा म्हणजे आपली पळी. मी सांगितलं तर ते भयंकर चिडले. "ते खाणं न्हाय, ते काम हाय! दस्तरखानावर बसून खाल्लं तर खाणं. भटारी चाखतो ते काय पोटासाठी व्हय?" त्यांच्या घराण्यात चार पिढ्यांनी हेच मानलं होतं. मी त्यांची समजूत काय घालणार!

ती घातली रमजाननं. बाईंना विचारून सोळाशे कॅलरी पहाटेची सहेरी आणि संध्याकाळचा इफ्तार यांत वाटून घेतल्या. रोजा असताना चाखायचा प्रश्नच नव्हता. मशिदीच्या इफ्तारीची डेग खालूंनी महिनाभर नुसत्या वासावर उतरवली. ईदला काटा दोन किलो खाली आला होता. खालू काट्यावरून उतरले, पुन्हा चढले, मग हळूच म्हणाले, "म्हंजी ते खाणंच हुतं की." त्यानंतर डेगीतलं चाखायला मावशी जाऊ लागली. खालू झाकण उचलून वाफ घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मीठ किती ते सांगायचे. एकदा मी विचारलं, जिभेला आठवण येत नाही का? म्हणाले, "लई येती. रोज येती. पण भाईजानच्या बाजूची जागा त्याहून जास्ती याद येती." असं उघड बोलणारा माणूस नाही तो.

सहा किलो राहिले होते, आणि एका पहाटे भाईजान गेले.

जनाज्याच्या नमाजात सजदा नसतो. सगळी नमाज उभ्यानंच होते. त्या दिवशी खालूंना खुर्ची लागली नाही. ते पहिल्या रांगेत सगळ्यांच्या बरोबरीनं उभे होते आणि भाईजान पुढे, चादरीखाली. कबरस्तानातून परतताना ते एवढंच बोलले, "बारा आठवडे, मास्तर. बाराच ऱ्हायले हुते." मला त्या आठवड्याच्या अर्ध्या किलोचा राग आला, बाईंचा आला, आणि सोनारीला पोत्यांवर पडलेले खालू आठवून तो राग गिळावाही लागला.

आता खालू सगळं सोडून देणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मावशीनं मुद्दाम वरून तूप ओतून खिचडी केली, की माणसानं दोन घास तरी सुखानं खावेत. खालूंनी काटा मागितला. मावशी रडू लागली. "आता कुणासाठी?" खालू खिचडी तोलत म्हणाले, "त्यांना म्या येतो म्हणून सांगितलं हुतं."

तीन महिन्यांनी एका साध्या मंगळवारी दुपारच्या नमाजाला ते आले, मागच्या खुर्चीकडं न बघता पहिल्या रांगेत गेले आणि मला शेजारी ओढून घेतलं. मी भाईजानच्या जागेवर उभा होतो. सजद्याला जाताना त्यांचे दोन्ही गुडघे वाजलेले मला ऐकू आले. मग कपाळ टेकल्याचा हलका आवाज आला. नमाजात असल्यामुळं मला मान वळवता येत नव्हती, नुसता त्यांचा श्वास ऐकत होतो. ते उठले, पुन्हा गेले, पुन्हा उठले. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपल्यावर पाहिलं तर त्यांची दाढी ओली होती. मला वाटलं, दुखतंय. विचारलं, "गुडघा?"

"न्हाय रं, गुडघा बरा हाय." त्यांनी माझ्या खांद्याकडं पाहिलं आणि आपल्या दंडावर हात फिरवला. "तुझा खांदा मला लई खाली लागतोय. भाईजानचा वर लागायचा."

तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी होईल तितका ताठ उभा राहतो. तरी चार बोटं कमीच पडतात.