मंगलाष्टकाची चाल

नायगावच्या भजनी मंडळात तो माझ्या शेजारी बसून टाळ वाजवायचा. पेटी माझ्याकडे असायची. पुढं तो मुंबईला गेला, सिनेमांना आणि मालिकांना संगीत देऊ लागला. मी लातूरला शाळेत संगीताचा मास्तर झालो.

तो वारला त्या दिवशी टीव्हीवर सारख्या त्याच्याच चाली. मी टीव्ही बंद केला.

"मेलेल्या माणसावर कशाला डूख धरून राहिलेत?" बायको म्हणाली आणि भाकरी थापता थापता त्याच्याच मालिकेचं शीर्षकगीत गुणगुणू लागली. डूख कसला? सरळ सांगतो, माझ्या पोटात दुखायचं. माझ्या घरात, माझ्या चुलीपुढं त्याची चाल, आणि माझी एकही कुणाच्या ओठावर नाही.

माझ्या हाती उरली होती फक्त मंगलाष्टकं. नात्यागोत्यात लग्न असलं, अक्षता वाटून झाल्या, की माईक माझ्याकडे यायचा. मुलगी झाली तेव्हा मी मंगलाष्टकाची एक चाल बांधली होती. ती कुठल्याच मांडवात म्हटली नाही, तिच्याच लग्नासाठी राखून ठेवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी मेंदीचे हात सांभाळत आली.

"बाबा, उद्या त्या मालिकेच्या चालीत म्हणा ना. सगळ्यांना येते ती."

"मंगलाष्टकाचे शब्द तिच्यात बसायचे न्हाईत."

"तुम्ही बसवाल की."

पेटी काढून बसलो. बसू नयेत असंच मनात होतं. दोन जागी अक्षरं ओढावी लागली, पण बसले. त्या लेकाची चालच तशी, कुणालाही सामावून घेणारी. मुलीला नाही म्हणायला आता कारण उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला आणि मी त्याची चाल म्हटली. 'शुभमंगल सावधान'ला अख्खा मांडव माझ्याबरोबर गाऊ लागला. आजवर माझ्याबरोबर कुणी गायलं नव्हतं. अंतरपाटामागं मुलगीही गात होती. माझी चाल तिनं कधी ऐकलीच नाही.

अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. बायकोचे थोरले भाऊ देवणीहून आले होते. प्रत्येक लग्नात ते माझं ऐकायला पुढं बसतात. डोळे पुसत जवळ आले, माझा हात धरला.

"दाजी, लई लग्नात ऐकलं तुमाला," ते म्हणाले. "आज कुठं तुमचा गळा लागला बगा."

मी मान डोलवून नुसतं "हाव" म्हणालो.